मानपत्रातली चूक

फौजेत एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपोआप अंगात मुरते. आजारी आहे असं सांगायचं नाही. सिक रिपोर्ट करणाऱ्याकडे अख्खी पलटण अशा नजरेनं बघते, की त्यापेक्षा ताप परवडला. मी सव्वीस वर्षं हवालदार क्लार्क होतो. सिक रिपोर्टचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं आणि त्यात कित्येक पानांवर नुसत्या तारखाच असायच्या.

माणूस पेन्शनीत गेला तरी ही खोड जात नाही. आमच्या आष्टा परिसर माजी सैनिक संघटनेत दोनशेच्या वर सभासद आहेत. निम्म्यांचे गुडघे गेलेत, पाव भागाला ऐकू येत नाही, आणि कुणालाही विचारा, "एकदम फस्क्लास!" अशा मंडळींची सेवा करणाऱ्या एका स्वयंसेवकाचा आम्ही दर ध्वजदिनाला, म्हणजे सात डिसेंबरला, सत्कार करतो. फेटा, शाल, नारळ आणि मानपत्र. सेवा कुणालाच नकोय, पण सत्कार दरवर्षी होतो.

आजवर ज्यांचे सत्कार झाले त्यांच्याबद्दल मी सचिव या नात्यानं काही बोलणं बरं नाही, तरी बोलतो. एकानं कार्यालयाला पंखे दिले आणि पात्यांवर आपलं नाव घातलं. नाव वाचायचं तर पंखा बंद करून बसावं लागतं. दुसऱ्यानं खुर्च्या दिल्या आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात परत नेल्या. तिसरे गृहस्थ नुसतं 'यंदा काहीतरी करू' म्हणाले होते, तेवढ्यावर त्यांना शाल मिळाली. यंदा मी मनाशी पक्कं केलं होतं, की खऱ्या माणसाला मान द्यायचा. तो माणूस म्हणजे रहिमान शिकलगार.

रहिमानचं आष्ट्यात कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. पंचावन्नच्या आसपासचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा. दुकान दहाला उघडतो. त्याआधी सकाळी सहापासून तो सायकलवरून गावातल्या म्हाताऱ्या फौजींच्या घरी फिरत असतो. कुणाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या डबीत लावून देतो, कुणाला मिरजेला दवाखान्यात नेतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला उसात राबलेली बोटं मशिनवर उमटत नाहीत, तर बोटं कोमट पाण्यात भिजवून, पुसून, पुन्हापुन्हा दाबून तो दाखला काढून देतो. हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "दुकान धाला उघडतोय आण्णा. तवर काय करू?"

आता सत्काराचा अर्ज. तो मीच तयार केलेला आहे, त्यामुळे चोख आहे. त्यात 'लाभार्थी' असा रकाना आहे आणि किमान तीन लाभार्थ्यांच्या सह्या लागतात. मी अर्ज घेऊन गावभर फिरलो. ज्याच्या गोळ्या रहिमान लावतो तो नाईक म्हणाला, "मला कशाला कुणाची मदत लागतीया? बाकीच्यांना करतोय तो, लय चांगला माणूस हाय." ज्याला मिरजेला नेलं त्या सुभेदारांनी तर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना पदर धरून चालणारं पोर म्हणालो. "आवं, तो मिरजेला निघालाच हुता, मी त्याला सोबत केली." चौतीस घरं झाली. प्रत्येक जण सांगत होता, की रहिमान इतरांची फार सेवा करतो. शेवटी मी कार्यालयात आलो, 'लाभार्थी' शब्दावर पांढरी शाई लावली आणि वर 'साक्षीदार' लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौतीस सह्या झाल्या.

पस्तिसावी माझी हवी होती. माझी बायको मिरजेला नऊ दिवस दवाखान्यात होती, तेव्हा रोज डबा कोण पोचवत होतं, हे मला ठाऊक आहे. पण तो शेजारधर्म झाला. त्याला काही सेवा म्हणत नाहीत. मी साक्षीदार म्हणूनच सही केली.

अर्ज घेऊन अध्यक्षांकडे गेलो. आमचे अध्यक्ष म्हणजे ऑनररी कॅप्टन जोतीराम ढोले, वय चौऱ्याऐंशी. ताठ कणा, कडक इस्त्री, आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्री गप्प होतात. पत्नी वारल्यापासून आष्ट्याच्या घरात एकटे राहतात. मी रहिमानचं नाव सांगितल्यावर ते मोठ्यानं हसले.

"आपला कुकरवाला? हवालदार, तो कुणाची सेवा करतोय? माझ्याकडं रोज सकाळी फुकट चा प्यायला येतोय. पेपर घ्यायची ऐपत न्हाई, माझा वाचतोय. तो बी मोठ्यानं, शाळेतल्या पोरागत. तीन वर्सं झाली, मीच त्याची सेवा करतोय. सत्कार माझा करा."

"चौतीस जणांनी सह्या केल्यात साहेब."

"मग द्या. गरीब हाय बिचारा. मानपत्र मीच वाचणार, दरवर्सासारखं."

मला संताप आला. उपकाराची जाण नसावी तरी किती? त्याच तिरमिरीत मी रहिमानच्या दुकानात गेलो आणि साहेब काय म्हणाले ते मीठमसाला न लावता सांगितलं. रहिमान हातातल्या कुकरची रिंग बसवत हसत ऐकत होता. शेवटचं वाक्य ऐकलं आणि रिंग तशीच हातात राहिली.

"वाचणार? सायेब? स्टेजवर?"

"मग काय झालं?"

त्यानं दुकानाबाहेर कुणी नाही ना ते बघितलं. "आण्णा, सायबांना वाचता येत न्हाई. डोळ्याचं मधलं हळूहळू जात हुतं, यंदा पुरतं गेलंय. कडंकडंचं दिसतंय. माणसाचे कान दिसत्यात, तोंड दिसत न्हाई. म्हणून तर मी पेपर मोठ्यानं वाचतोय."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. दर आठवड्याला मी साहेबांपुढे कागद ठेवत होतो आणि साहेब ते गंभीरपणे बघून म्हणत होते, "हवालदार, ठीक हाय, ठेवा, सावकाश सही करतो." सही दुसऱ्या दिवशी बरोबर जागेवर असायची. जागा कोण दाखवत होतं, हे आता कळलं.

"मग डॉक्टरला दाखवा की. मुलाला सांगा."

"मिरजेच्या डॉक्टरला दाखवलं. गेलेलं येत न्हाई म्हणाला. आन पोराला सांगितलं तर खेळ खलास."

खेळ कसा खलास, तेही त्यानं सांगितलं. आई गेली तेव्हा मुलगा जयराज वडिलांना पुण्याला न्यायला आला होता. नवव्या मजल्यावर मोठी जागा आहे, सून चांगली आहे, वाईट काही नाही. पण साहेबांना या घराच्या पायऱ्या, शेताचा बांध, चावडीपर्यंतचा रस्ता पायांनी पाठ आहे. तिथं नवव्या मजल्यावर खुर्चीत बसून राहावं लागेल. तेव्हा बापलेकांत करार झाला. स्वतःचं स्वतःला करता येतंय तोवर आष्टा, एक जरी गोष्ट जमेनाशी झाली तर पुणे. साहेबांनी शब्द दिला होता आणि ढोल्यांनी दिलेला शब्द फिरत नाही, म्हणून तर तो पाळायची वेळ येऊ द्यायची नाही, असं सगळं चाललं होतं. जयराज दर ध्वजदिनाला पहिल्या रांगेत बसायला येतो.

"दुसऱ्या कुणाला वाचायला लावू," मी म्हणालो.

"का म्हणून सांगणार? अकरा वर्सं सायेबच वाचत्यात."

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण आता ती दोन-अडीचशे लोकांपुढे उघडायची वेळ आली होती. रहिमाननं रिंग बाजूला ठेवली आणि म्हणाला, "किती दिस हायत?"

"बारा."

"मग हुतंय. मानपत्र लिवलं की कागद माझ्याकडं द्या."

मानपत्र मी दोन दिवस बसून लिहिलं. आजवर इतकं सुंदर मी काही लिहिलं नव्हतं, हे मी लाजत नाही सांगायला. 'सेवेचा अखंड तेवणारा नंदादीप', 'निरपेक्षतेचा महामेरू', 'वृद्ध सैनिकांच्या जीवनातील शीतल छाया', एकापेक्षा एक वाक्यं. रहिमाननं कागद वाचला, त्याचे कान लाल झाले आणि त्यानं तो घडी करून खिशात घातला.

त्याची पद्धत साधी होती. रोज पेपर संपला की तो कागद काढायचा आणि म्हणायचा, "सायेब, आण्णांनी काय लिवलंय बगा, बराबर हाय का," आणि मोठ्यानं वाचायचा. साहेब म्हणायचे, "परत वाच, नीट ऐकू आलं न्हाई." तो परत वाचायचा. साहेबांना वाचता येत नाही हे जणू रहिमानला माहीत नव्हतं, आणि रहिमान पाठ करून घेतोय हे जणू साहेबांना माहीत नव्हतं. असे ते दोघे दहा सकाळी एकमेकांना फसवत बसले होते. स्वतःचीच स्तुती रोज चारदा मोठ्यानं वाचायची, तीही दुसऱ्याला पाठ व्हावी म्हणून, ही शिक्षा मी कुणा शत्रूलाही देणार नाही. सहा तारखेला रहिमान म्हणाला, "पाठ झालं. एक शब्द हिकडचा तिकडं न्हाई."

इथं माझी गोष्ट येते. लिहिलेलं इतकं सुरेख, आणि ते साहेबांच्या आवाजात एकदा ऐकून हवेत विरून जाणार, हे मला सोसवेना. मी छापखान्यात गेलो आणि मानपत्राच्या अडीचशे प्रती काढून आणल्या. जाड कागद, भोवती वेलबुट्टीची चौकट, खाली बारीक अक्षरात 'शब्दांकन : अर्जुना खोत'. रहिमानला सांगावं असं मला वाटलंही नाही. सत्कारमूर्तीला काय सांगायचं!

कार्यक्रम सांगलीला, विश्रामबागच्या एका सभागृहात होता. साताऱ्याहून एक निवृत्त कर्नल पाहुणे म्हणून आले होते. आमची मंडळी पदकं लावून, गुडघे धरत, 'फस्क्लास, फस्क्लास' करत आत आली आणि दारातच प्रत्येकाच्या हातात माझं मानपत्र पडलं. मी पहिल्या रांगेत जयराजच्या शेजारी बसलो. जयराज पन्नाशीचा, चष्मेवाला, शांत माणूस. त्यानं चौकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "छान छापलंय आण्णा." मला बरं वाटलं.

स्टेजवर फेटा बांधून बसलेल्या रहिमाननं समोर बघितलं. दोनशे मांड्यांवर दोनशे कागद. तो एकदम माझ्याकडे बघून मान हलवायला लागला, हातानं काहीतरी खुणा करायला लागला. मला वाटलं, बिचारा घाबरला. मी खुणेनंच सांगितलं, फेटा सरळ कर.

साहेब उठले. मी कागद त्यांच्या हातात आधीच सरळ दिला होता. त्यांनी तो बरोबर अंतरावर धरला, घसा साफ केला आणि सुरू केलं, "श्रीयुत रहिमान बाबालाल शिकलगार यांस." इथपर्यंत ठीक होतं. मी डोळे मिटून नंदादीपाची वाट बघू लागलो.

"आपण आष्टा येथे कुकर आणि मिक्सर दुरुस्त करता. दुकान दहाला उघडता. सकाळी आपल्याला वेळ असतो, म्हणून आपण आमच्यापैकी काही जणांच्या घरी येता आणि चहा पिता, कारण एकट्याला चहा जात नाही."

मी डोळे उघडले.

"यात सेवा काही नाही. या वडीलधाऱ्या मंडळींनी आपल्याला बसायला जागा दिली, पेपर वाचायला दिला, लढाईच्या गोष्टी सांगितल्या. आपले वडील लहानपणी गेले. ते असते, तर आपण त्यांच्याजवळ बसला असता. ते नाहीत, म्हणून यांच्याजवळ बसता. तेव्हा हा सत्कार खरं तर या मंडळींचा आहे."

नंदादीप नाही, महामेरू नाही, शीतल छायेचा पत्ता नाही. गेले दहा दिवस रहिमान माझा कागद हातात धरून भलतंच वाचत होता. स्वतःची स्तुती तोंडातून निघेना म्हणून त्यानं सगळी गाळून टाकली होती. मला आधी राग आला तो माझ्या वाक्यांसाठी. दुसऱ्या क्षणी शेजारी नजर गेली आणि वाक्यं विसरलो.

जयराजचं बोट कागदावर पहिल्या ओळीत थांबलं होतं. त्यानं ते खाली नेलं, पुन्हा वर आणलं. मग वडिलांकडे बघितलं. साहेबांची नजर कागदावर वरपासून खालपर्यंत अगदी वाचल्यासारखी फिरत होती. जयराजनं रहिमानकडे बघितलं. रहिमान खाली मान घालून बसला होता आणि साहेबांच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे ओठ हलत होते.

"आण्णा," जयराज हळू आवाजात म्हणाला, "बाबा काय वाचतायत?"

मागं कागदांची सळसळ सुरू झाली होती. कुणीतरी पुटपुटलं, "ह्यात तर दुसरंच हाय की गड्या." आणखी एक मिनिट गेलं असतं तर कुणीतरी ते मोठ्यानं म्हणालं असतं, आणि आमच्यात बहिरे बरेच असल्यानं फारच मोठ्यानं म्हणालं असतं.

मी उठलो. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून चुकीचा कागद कधी गेला नाही, हे मी प्रत्येक भाषणात सांगतो. साहेब वाचून थांबले, टाळ्या पडल्या आणि टाळ्या संपायच्या आत मी माइक धरला.

"एक दुरुस्ती," मी म्हणालो. "आपल्या हातातला कागद चुकीचा आहे. तो कच्चा मसुदा होता, तो माझ्या हातून छपाईला गेला. साहेबांनी वाचलं तेच खरं मानपत्र. चूक पूर्णपणे माझी. कृपया सगळे कागद परत करावेत."

मग गोळ्यांच्या डबीवाला नाईक सगळ्यात आधी उठला आणि त्यानं आपला कागद माझ्या हातात दिला. माझ्याकडे त्यानं असं बघितलं, की मला समजलं, त्याला सगळं समजलंय. त्याच्यामागून मिरजेचे सुभेदार आले. मग एकेक रांग, एकामागून एक, कुणी काही न बोलता कागद देऊन जागेवर बसली. इतकी शिस्तीत हालचाल या मंडळींनी जेवणाच्या पंगतीलासुद्धा कधी केली नव्हती. माझे नंदादीप माझ्याच हातात गठ्ठ्यानं जमा झाले. मला रडू येत होतं आणि ते वाक्यांसाठी नव्हतं.

शेवटी जयराज उरला. मी त्याच्यापुढे हात करून उभा राहिलो. "बाबा नेहमी सांगतात, आण्णांच्या हातून चूक होत नाही," तो म्हणाला.

"यंदा झाली."

त्यानं कागद दिला नाही. घडी करून खिशात ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी मला कर्नलसाहेबांसमोरच फैलावर घेतलं. "हवालदार, साधा कागद तपासता येत न्हाई? डोळे हायत का काय? उद्या सकाळी लेखी खुलासा पायजे."

"चुकलं साहेब," मी म्हणालो.

घरी येऊन मी खुलासा लिहिला. सगळी चूक स्वतःवर घेतली, आणि लिहिता लिहिता मला इतकं वाईट वाटलं की त्याच कागदावर खाली सचिवपदाचा राजीनामाही लिहिला. सकाळी आठला साहेबांच्या ओसरीवर गेलो. रहिमान बसला होता, पेपर वाचून झाला होता. जयराज रात्री आष्ट्यालाच राहिला होता. तो समोरच्या खुर्चीत चहाचा कप धरून बसला होता आणि त्याची झोप झाली नव्हती हे दिसत होतं. गाडीची चावी टीपॉयवर होती. साहेबांची बॅग माळ्यावरून काढून दाराशी ठेवलेली बघून मी पायरीवरच थांबलो. ती रिकामी होती की भरलेली, हे कळत नव्हतं.

मी खुलासा पुढं केला. साहेबांनी तो घेतला, बघितल्यासारखं केलं आणि रहिमानकडे दिला. "वाच रं. तुला लय हौस हाय मोठ्यानं वाचायची."

रहिमाननं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि वाचायला लागला. "मी हवालदार अर्जुना खोत लिहून देतो की, मानपत्राचा मसुदा मी दोन वेळा तपासला होता. छापखान्यात कागदांची अदलाबदल झाली. यापुढे काळजी घेऊ. आपला विश्वासू."

मी लिहिलेलं यातलं फक्त नाव होतं.

"बस? एवढंच?" साहेबांनी विचारलं. "राजीनामा न्हाई दिला? हा हवालदार लगीच फुगतोय."

"न्हाई सायेब."

साहेबांनी तोंड अंगणाकडे वळवलं. मग म्हणाले, "जयराज, तू बघ रं जरा. ह्या रहिमानचा काय भरवसा न्हाई. मधलं गाळतोय."

जयराजनं उठून त्याच्या हातातून कागद घेतला. तो वाचत होता तेवढा वेळ कुणी चहाचा घोटही घेतला नाही. माझा राजीनामा कागदाच्या तळाशी, ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेला होता. जयराजनं तो वाचला. पुन्हा वरपासून वाचला. चष्मा काढून पुसला.

"असंच लिहिलंय बाबा," तो म्हणाला. "शब्दन् शब्द."

"मग ठीक हाय," साहेब म्हणाले. "हवालदार, माफ केलं. चा घ्या."

जयराजनं दाराशी असलेली बॅग उचलली, स्टुलावर चढून पुन्हा माळ्यावर टाकली. फाटकापाशी त्यानं रहिमानला विचारलं, "रविवारी दुकान बंद असतं ना? त्या दिवशी येता का?"

"रविवारी जरा जास्त येळ बसतोय," रहिमान म्हणाला.

नऊ वाजता जयराजनं गाडी काढली आणि तो एकटाच पुण्याला गेला.